अरबी समुद्रावरची हिवाळी धूळ आणि उपग्रहांची नजर : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाचे काम आजपासून रीतसर सुरू होत आहे. विषय मुद्दामच आटोपशीर ठेवला आहे : हिवाळ्यात वायव्येकडून अरबी समुद्र ओलांडून कोकण किनाऱ्यावर येणारी खनिज धूळ उपग्रहांना कितपत दिसते, आणि जी दिसत नाही ती नेमकी कोणत्या कारणाने दिसत नाही.

अभ्यासासाठी मुख्य घटना म्हणून २२ आणि २३ जानेवारी २०२२ हे दोन दिवस घेतले आहेत. २२ तारखेला, शनिवारी, पश्चिमी विक्षोभाच्या, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणालीच्या पाठोपाठ कराचीत सोसाट्याचा वारा सुटला आणि शहर धुळीने झाकोळले. दुसऱ्या दिवशी सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून मुंबई-पुण्यापर्यंत आकाश पांढुरके झाले, दृश्यमानता घटली, उभ्या गाड्यांवर पिठासारखा थर साचला, मुंबईतील अनेक केंद्रांवर हवेची गुणवत्ता ‘अत्यंत वाईट’ गटात पोहोचली आणि सांताक्रूझचे कमाल तापमान २४ अंशांच्या आसपासच राहिले. जानेवारीतल्या मुंबईला हे तापमानही अनोळखी आणि ही धूळही अनोळखी. वर्तमानपत्रांनी तिला ‘कराचीची धूळ’ म्हणून टाकले. ते कितपत खरे, हा या कामातला दुय्यम पण आवश्यक प्रश्न आहे.

उन्हाळी धुळीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. थरचे वाळवंट, अरबस्तान, इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवरचे सीस्तान आणि तिथला ‘एकशे वीस दिवसांचा वारा’ हे सारे मे ते सप्टेंबरचे विषय. हिवाळी धूळ थोड्या दिवसांची असते आणि ढगांच्या सोबतीने येते, म्हणून ती सरासरीत विरघळून जाते. आमच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे, कारण ती जमिनीलगत, माणसांच्या नाकातोंडाच्या पातळीवरून वाहते.

९ जानेवारी

आकडेमोडीचा दिवस. कराची ते मुंबई हे सरळ अंतर ९०० किलोमीटरांच्या थोडे आत आहे. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने वाहणारी हवा ते साधारण २४ ते २५ तासांत कापते. शनिवार ते रविवार हा कालावधी याच्याशी जुळतो. जुळणी झाली म्हणून सिद्धता झाली असे नव्हे, पण ती झाली नसती तर पुढचे सगळेच वेगळ्या दिशेने न्यावे लागले असते.

मग कण किती वेगाने खाली बसतात ते स्टोक्सच्या सूत्राने काढले. क्वार्ट्‌झच्या घनतेचा ३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे १ किलोमीटर उंचीवरून जेमतेम चार तासांत समुद्रात पडतो. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला ८ मिलिमीटर, म्हणजे २४ तासांत सुमारे ७०० मीटर उतरतो. २ मायक्रॉनचा कण दिवसभरात ३० मीटरही उतरत नाही. वास्तवातली हवा स्थिर नसते आणि खळबळाटामुळे कण पुन्हा पुन्हा वर उचलले जातात, हे खरे. तरीही मुंबईपर्यंत टिकून पोहोचणारा माल मुख्यतः १० मायक्रॉनच्या आतबाहेरचा असणार, हा निष्कर्ष बदलत नाही. म्हणजे किनाऱ्यावरच्या पीएम-१०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण मोजणाऱ्या यंत्रांत तो मोजला जायला हवा आणि जाड कण वाटेतच समुद्राला मिळालेले असायला हवेत.

१५ जानेवारी

उपग्रहांवरील उपकरणांची विदा (डेटा) उतरवून घेतली. टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील मोडिस, सुओमी-एनपीपी व नोआ-२० वरील व्हीर्स, त्या वेळी ४१.५ अंश पूर्व रेखांशावर उभ्या असलेल्या मेटिओसॅट-८ वरील सेविरी, सेंटिनेल-५पी वरील ट्रोपोमी, आणि आपले इन्सॅट-३डी व ३डीआर. ध्रुवीय कक्षेतले उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दिवसा एकदाच जातात. आपल्या घटनेच्या वेळी टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास जाई, अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास. ताशी ३६ किलोमीटरने सरकणारी धूळ या दोन फेऱ्यांच्या मधल्या तीन तासांत शंभराहून अधिक किलोमीटर पुढे गेलेली असते. भूस्थिर उपग्रह दर १५ ते ३० मिनिटांनी चित्र देतात, पण त्यांचे पिक्सेल मोठे असतात. दोघांची सांगड घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

मोडिसच्या पट्ट्याची रुंदी २३३० किलोमीटर असल्याने आपल्या अक्षांशावर लगतच्या दोन फेऱ्यांमध्ये फट उरते. व्हीर्सच्या ३०४० किलोमीटर पट्ट्यात ती उरत नाही. जुन्या नोंदींशी तुलना मोडिसनेच करता येते, म्हणून तो सोडता येत नाही.

२१ जानेवारी

या प्रकल्पाचा खरा विषय आज समोर आला असे म्हणायला हरकत नाही.

अ‍ॅक्वाच्या नैसर्गिक रंगांच्या चित्रात समुद्रावरचा धुळीचा पट्टा डोळ्यांना सहज ओळखू येतो. उत्तरेकडे तो ढगांच्या कडेला चिकटलेला आहे आणि दक्षिणेकडे विरळ होत जातो. त्याच फेरीचा एओडीचा, म्हणजे हवेच्या संपूर्ण उभ्या स्तंभातील कणांनी प्रकाश किती अडवला याच्या मापाचा नकाशा शेजारी ठेवला, तेव्हा पट्ट्याच्या कडा नीट रंगलेल्या दिसल्या; मात्र डोळ्यांना जिथे धूळ सर्वांत दाट वाटते तिथल्या बऱ्याच चौकटी कोऱ्या होत्या. तिथे शून्य लिहिलेले नाही, कमी आकडाही लिहिलेला नाही. काहीच लिहिलेले नाही.

एओडी १ असेल तेव्हा डोक्यावरून सरळ येणाऱ्या किरणांपैकी सुमारे ३७ टक्केच न विखुरता व न शोषला जाता जमिनीपर्यंत पोहोचतात. २ असेल तेव्हा साडेतेरा टक्के. मोडिसच्या समुद्रावरील गणितात एओडीची नोंद ५ पर्यंत करण्याची सोय आहे, तेव्हा आकडा मावत नाही म्हणून चौकट कोरी राहिली असे म्हणता येत नाही. सूर्याची चकाकी हेही कारण नसावे, कारण जानेवारीत समुद्रावरचा चकाकीचा पट्टा बराच दक्षिणेकडे असतो आणि २० अंश उत्तरेच्या आसपास त्याचा उपद्रव कमी असतो. उरतो तो क्लाउड मास्क, म्हणजे ढग असलेले पिक्सेल गणिताआधीच गाळून टाकणारी चाळणी.

महिन्याची सरासरी काढणारा माणूस या कोऱ्या चौकटी वगळून सरासरी काढतो. याचा अर्थ, जितकी धूळ दाट तितकी ती सरासरीतून बाहेर पडण्याची शक्यता जास्त. हिवाळी धूळ ‘किरकोळ’ आहे असे आपल्याकडच्या नकाशांवरून जे मत बनते, त्यात या गाळणीचा वाटा किती, हे मोजणे हेच आता मुख्य काम.

३० जानेवारी

गाळणीची रचना मुळातून वाचून काढली आणि दाट भागातल्या काही चौकटींवर ती पायरीपायरीने चालवून पाहिली.

समुद्रावर मोडिस ५०० मीटरच्या पिक्सेलांचे तीन-बाय-तीन असे गट घेतो आणि ०.५५ मायक्रॉनच्या हिरव्या प्रकाशातील त्यांच्या परावर्तनाचे प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांतला चढउतार तपासतो. ते ०.००२५ पेक्षा जास्त असेल तर ढग मानला जातो. तर्क सरळ आहे : एरोसॉलचा थर सपाट पसरतो आणि ढग मात्र ओबडधोबड असतो. धुळीचा दाट लोट यात नाहक भरडला जातो, कारण वाऱ्यामुळे त्याच्यातही शेंड्या, पदर आणि कडा असतात. हे ठाऊक असल्यामुळेच गाळणीत एक परतीची वाट ठेवली आहे. ०.४७ मायक्रॉनच्या निळ्या आणि ०.६६ मायक्रॉनच्या तांबड्या प्रकाशातील परावर्तनाचे गुणोत्तर ०.७५ पेक्षा कमी आले तर तो पिक्सेल ढग नसून धूळ आहे असे ठरवून त्याला पुन्हा गणितात घेतले जाते. धुळीतली लोहाची ऑक्साइडे निळा प्रकाश शोषतात, ढग मात्र निळा आणि तांबडा जवळजवळ सारखाच परतवतो, हे त्यामागचे कारण.

अटलांटिकवर येणाऱ्या तांबूस सहारी धुळीसाठी ही वाट चांगली चालते. आपल्याकडे आलेली धूळ मात्र पांढुरकी होती. तिच्यात लोह कमी आणि कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट), चिकणमातीची खनिजे वगैरे जास्त असतील, तर निळ्याचे शोषण कमी होईल, गुणोत्तर ०.७५ च्या खाली उतरणार नाही आणि परतीची वाट बंदच राहील. माझे गृहीतक सध्या एवढेच आहे. ते तपासण्यासाठी कोऱ्या चौकटींमधले गुणोत्तर आणि विचलन वेगवेगळे काढून त्यांचे वाटप मांडायचे, आणि जिथे सेविरीच्या अवरक्त चित्रावरून ढग नाही असे स्वतंत्रपणे म्हणता येते तेवढ्याच चौकटी विचारात घ्यायच्या.

३१ जानेवारी

वरच्या नोंदीला पुरवणी. उत्तरेकडच्या काही चौकटींत धुळीवर पातळ सिरस, म्हणजे खूप उंचावरचा बर्फकणांचा ढग आहे, हे १.३८ मायक्रॉनच्या चित्रात उघड दिसते. त्या चौकटी कोऱ्या राहणे योग्यच आहे. त्यांना वेगळा रकाना दिला.

६ फेब्रुवारी

अवरक्त चित्रे. सिलिकेटयुक्त धूळ १०.८ मायक्रॉनच्या आसपासचे उष्णताप्रारण १२ मायक्रॉनच्या मानाने जास्त अडवते; पाण्याची वाफ नेमके उलट वागते. त्यामुळे एरवी १०.८ चे तेजतापमान (मोजलेल्या प्रारणावरून काढलेले तापमान) १२ पेक्षा जास्त असते आणि धुळीत हा फरक उणे होतो. युरोपीय हवामान संस्थेच्या ‘डस्ट आरजीबी’ चित्रात तांबड्या रंगाला १२ उणे १०.८ हा फरक देतात, त्याची व्याप्ती उणे ४ ते अधिक २ अंश, हिरव्याला १०.८ उणे ८.७, आणि निळ्याला १०.८ चे तेजतापमान. परिणामी धूळ गुलाबी-जांभळी उमटते आणि दाट उंच ढग गडद तांबडे दिसतात. हे रात्रीही चालते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण, कारण आपली धूळ बहुतेक रात्रीतूनच समुद्र ओलांडून आली.

दर पंधरा मिनिटांच्या चित्रांची मालिका लावून पाहिली. २२ तारखेला पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याच्या दक्षिणेला गुलाबी छटा स्पष्ट आहे. रात्र चढते तशी ती फिकी होत जाते. धूळ खाली बसली असा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो, पण तो टाळायला हवा. अवरक्त पद्धतीला धुळीचा थर आणि खालचा पृष्ठभाग यांच्या तापमानात फरक लागतो. धूळ जमिनीलगतच्या हवेतून समुद्रावर वाहत असेल, आणि ती हवा मैलोनमैल पाण्यावरून येताना हळूहळू पाण्याच्या तापमानाला पोहोचत असेल, तर धूळ तितकीच असूनही तिची खूण पुसट होते. हिवाळ्यातली हवा कोरडी असल्याने वाफेचा अडथळा कमी, ही जमेची बाजू. थर सखल असल्याने तापमानाचा फरक कमी, ही नुकसानीची. उन्हाळ्यात दोन्ही बाजू उलट होतात.

१३ फेब्रुवारी

इन्सॅटच्या प्रतिमाकात सहा मार्गिका (तरंगलांबीचे पट्टे) आहेत, त्यांत १०.३ ते ११.३ आणि ११.५ ते १२.५ मायक्रॉनच्या दोन अवरक्त मार्गिका असल्याने फरकाची पद्धत चालते, पण ८.७ मायक्रॉनची मार्गिका नाही, म्हणून सेविरीसारखे त्रिरंगी चित्र जसेच्या तसे बनत नाही. अवरक्तात ४ किलोमीटर आणि दृश्य प्रकाशात १ किलोमीटर असे वेगळेपण आहे. दिवसाच्या वेळी दृश्य मार्गिकेतला समुद्राचा उजळपणा आणि अवरक्तातला फरक एकत्र वापरून पाहिला, आणि मुंबईच्या पश्चिमेचा पट्टा बऱ्यापैकी वेगळा काढता आला. इन्सॅटची एक मोठी सोय म्हणजे मुंबई त्याच्या जवळजवळ पायाखालीच येते, कारण ३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. मेटिओसॅट-८ ला ती तिरपी दिसते आणि तिरप्या नजरेत ढगांच्या कडा धुळीवर सांडतात.

१९ फेब्रुवारी

ट्रोपोमीचा अतिनील निर्देशांक, म्हणजे अतिनील प्रकाश शोषणाऱ्या कणांचे माप पाहिले. त्याची कीर्ती मोठी आहे : उजळ वाळवंटावर आणि अगदी ढगांवरही शोषक कण ओळखतो, आणि १९७८ च्या निंबस-७ वरील टॉम्सपासून या पद्धतीची परंपरा चालत आली आहे. आपल्या घटनेत मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. हवेचे रेणू अतिनील प्रकाश जोरात विखुरतात आणि तो प्रकाश वर येताना वाटेत शोषक थर आला तरच निर्देशांक वाढतो. थर जितका खाली, तितके त्याच्या खालचे हवेचे प्रमाण कमी आणि तितकाच संकेत क्षीण. एक-दीड किलोमीटरच्या आतली धूळ त्याला अर्धवटच दिसते.

एकंदर चित्र असे आहे की दृश्य प्रकाशाची पद्धत दाट धुळीला ढग समजते, अवरक्त पद्धत सखल धुळीला पाणी समजते आणि अतिनील पद्धतीला ती जेमतेम जाणवते. हिवाळी धुळीने प्रत्येकाच्या आंधळ्या कोपऱ्यातून वाट काढली आहे.

२८ फेब्रुवारी

जमिनीवरील नोंदी. मुंबईत सफर या हवेच्या गुणवत्तेवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळांची सतत मापन करणारी केंद्रे आहेत. पीएम-१० सहसा बीटा किरणांच्या क्षीणनावर चालणाऱ्या यंत्राने मोजतात. कागदी फितीवर तासभर हवा ओढायची, साचलेल्या थरातून बीटा किरण पाठवायचे आणि ते किती क्षीण झाले यावरून वस्तुमान काढायचे. वादळाच्या तासांत फितीवर थर जाड बसतो आणि हवेचा प्रवाह घटतो, अशा वेळी काही यंत्रे दोषाची खूण लावून आकडा रद्द करतात. म्हणजे उपग्रहात जे घडते त्याचीच जमिनीवरची आवृत्ती. विदा मागवताना केवळ ‘वैध’ आकडे न मागता दोषखुणांसह कच्ची नोंद मागवली आहे. ही विनंती मान्य व्हायला वेळ लागेल असे दिसते.

एओडीवरून पीएम-१० काढण्याचे ढोबळ गणित लिहून ठेवतो. धुळीच्या एका ग्रॅमचे प्रकाश अडवण्याचे क्षेत्र सुमारे ०.६ चौरस मीटर धरले, तर एओडी १ म्हणजे दर चौरस मीटर जमिनीवरील स्तंभात साधारण १.७ ग्रॅम धूळ. ती २ किलोमीटर जाडीत सारखी पसरली असेल तर घनमीटरला ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक. एकाच किलोमीटरमध्ये कोंबलेली असेल तर त्याच्या दुप्पट. पीएम-१० चे २४ तासांचे राष्ट्रीय मानक १०० आहे. हाच एओडी १ जुलैमध्ये मोसमी वाऱ्यांच्या वर, तीन-चार किलोमीटरांवरून जाणाऱ्या अरबी धुळीचा असेल, तर जमिनीवरच्या यंत्राला त्याची खबरही लागणार नाही. उपग्रहाचा आकडा एकच, श्वासात जाणारी धूळ मात्र कुठल्या कुठे. म्हणून थराच्या उंचीशिवाय हा नकाशा आरोग्य खात्याच्या हाती देणे मला रास्त वाटत नाही.

४ मार्च

आज वेधशाळेतून निवृत्त झालेले एक निरीक्षक भेटायला आले. विभागात त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांनी लक्षात आणून दिलेली गोष्ट महत्त्वाची आहे. हवामान निरीक्षणाच्या संकेतावलीत ०५ म्हणजे धुरकट हवा, ०६ म्हणजे दूरवर पसरलेली, पण केंद्रापाशी वाऱ्याने न उचललेली तरंगती धूळ, आणि ०७ म्हणजे केंद्रापाशी वाऱ्याने उडवलेली धूळ. “राजस्थानातल्या निरीक्षकाला ०६ चा सराव असतो, किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी धुरकट दिसले की हात आपसूक ०५ वर जातो,” असे ते म्हणाले. किनारी केंद्रांच्या जुन्या नोंदींतून धुळीचे दिवस मोजायचे असतील तर ०६ एवढेच शोधून चालणार नाही. कोरडी हवा, वायव्येचा वारा आणि ०५ एकत्र आले असे दिवसही वेगळे काढावे लागतील. धुरकट हवेत सहसा वारा मंद असतो, धुळीत तो जोरात असतो. हा फरक उपयोगी पडेल.

७ मार्च

एका सहकाऱ्याने २३ जानेवारी २०२२ ला दादरच्या घरी गॅलरीच्या कठड्यावरची धूळ ब्रशने गोळा करून कागदाच्या पुडीत ठेवली होती. ती आज मिळाली. चिमूटभर माल, राखाडीकडे झुकणारा फिकट पिवळसर रंग, बोटांत चोळल्यावर टाल्कसारखा मऊ, मध्येच एखादा कण कचकन लागतो. काचपट्टीवर घेऊन त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला, तर लगेच बारीक बुडबुडे सुटले, म्हणजे कार्बोनेट आहे.

याने माझ्या गृहीतकाला बळ मिळते असे कोणी म्हणू नये. मुंबईत कोणत्याही गॅलरीतल्या धुळीत सिमेंट असते आणि जुन्या सिमेंटमध्येही कार्बोनेट असते. कोणत्याही आठवड्यातली पुडी तशीच फसफसली असती. तुलनेसाठी त्याच गॅलरीतली यंदाच्या शांत दिवसांतली धूळ मागवली आहे. दोन्हींचे क्ष-किरण विवर्तन करून पॅलिगोर्स्काइट किंवा डोलोमाइट यांसारखी, शहरात सहसा न तयार होणारी आणि शुष्क प्रदेशांत आढळणारी खनिजे फक्त वादळाच्या नमुन्यात सापडतात का, हे पाहायचे. तोवर ही पुडी पुराव्यात धरणार नाही.

१८ मार्च

धूळ आली कुठून? हायस्प्लिट या हवेचे मार्ग काढणाऱ्या संगणकीय प्रतिमानावर मुंबईपासून मागे जाणारे हवेचे मार्ग १००, ५०० आणि १५०० मीटर उंचीवरून ४८ तासांसाठी काढले. खालचे मार्ग सौराष्ट्राच्या बाजूने समुद्रावरून कराची आणि त्यामागे बलुचिस्तानकडे जातात; प्रारंभीची वेळ काही तासांनी बदलली की टोके पसरतात, पण वायव्येची दिशा सुटत नाही. यावरून ‘कराचीची धूळ’ हे नाव पडले त्यात नवल नाही. मात्र मार्ग एखाद्या शहरावरून जातो याचा अर्थ माल तिथे भरला गेला असा होत नाही. त्या दिवशी कराची स्वतःच धूळ खात होती.

धूळ उडण्यासाठी आधी ७० ते १०० मायक्रॉनचे वाळूचे कण वाऱ्याने उड्या मारू लागावे लागतात; ते आदळतात तेव्हा बारीक कण मोकळे होतात. म्हणून खरी उगमस्थाने म्हणजे जिथे वाळू आणि गाळ दोन्ही शेजारी आहेत अशी कोरडी पात्रे : मकरान पर्वतरांगांमागचे हामून-ए-मशकेल, इराणातले जाझमुरियान, किनाऱ्यालगतची लासबेलाची सपाटी, आणि सिंधूच्या मुखाकडचा सुकलेला गाळ. यांपैकी कोणते, हे सेविरीच्या मालिकेत पहिला गुलाबी पिक्सेल शोधून सांगता आले असते, पण नेमक्या त्या तासांत उत्तरेकडचा बराच भाग विक्षोभाच्या ढगांखाली आहे. डोंगरांच्या खिंडींतून सुटणारा वारा सुमारे ३१ किलोमीटर चौकटीच्या ईआरए-५ या पुनर्विश्लेषणात (निरीक्षणे आणि प्रतिमान जुळवून उभ्या केलेल्या जुन्या हवामानाच्या विदेत) बोथट होतो, त्यामुळे वाऱ्याच्या आकड्यांवरूनही निकाल देता येत नाही. अहवालात ‘मकरान व दक्षिण बलुचिस्तान, सिंधू मुखाचा सहभाग शक्य’ एवढेच लिहीन.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जुलै २०२२ मध्ये गेलेल्या एमिट या वर्णपटमापकाने शुष्क प्रदेशांच्या पृष्ठभागावरील खनिजांचे नकाशे दिले आहेत. या पात्रांत हेमेटाइट व गोएथाइट या लोहखनिजांचे प्रमाण तुलनेने किती, हे तिथून घेता येईल. गुणोत्तराच्या गृहीतकाची खरी कसोटी गॅलरीतल्या पुडीपेक्षा तीच.

२५ मार्च

सह्याद्रीचा उपयोग करून घेता येतो, हे आज लक्षात आले. २३ जानेवारीला पुण्यातही आकाश पांढरे होते. बोरघाटाचा माथा ६०० मीटरांच्या आसपास आणि त्याच्या दोन्ही अंगांचे कडे त्याहून उंच. पुणे स्वतः सुमारे ५६० मीटरवर. धूळ कोकणातून थेट वर चढून आली असेल, तर थराची जाडी कड्यांच्या उंचीहून निश्चितच जास्त, म्हणजे किलोमीटरच्या घरात असायला हवी. ती गुजरातकडून नाशिकच्या बाजूने पठारावर उतरली असेल, तर हा युक्तिवाद ढिला पडतो. दोन्ही शक्यता तपासायला मुंबई, नाशिक आणि पुण्यातील पीएम-१० चा चढ कोणत्या तासाला सुरू झाला याचा क्रम पुरेसा आहे. कच्च्या नोंदी हाती आल्या की पहिले काम हेच. सांताक्रूझच्या फुग्यांच्या पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या आरोहणांतून तापमानाचे व्युत्क्रमण (उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढणे) कोणत्या उंचीवर होते तेही सोबत मांडायचे.

३ एप्रिल

थरांची उंची मोजणाऱ्या कॅलिप्सो उपग्रहाच्या लेसरचा विचार करून झाला. त्याचा ठसा जमिनीवर शंभर मीटरच्या आत आणि एकाच दिवसातल्या लगतच्या दोन मार्गांत आपल्याकडे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर; एखाद्या दिवसाची घटना त्याच्याखाली सापडणे दैवाधीन. म्हणून एका घटनेचा नाद सोडून २००६ ते २०२३ या त्याच्या संपूर्ण कार्यकाळातले डिसेंबर ते फेब्रुवारीचे उत्तर अरबी समुद्रावरील मार्ग एकत्र करीत आहे. गोल कण परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवीभवन बदलत नाहीत, ओबडधोबड धूळ बदलते. ५३२ नॅनोमीटरवरील या गुणामुळे धूर आणि धूळ वेगळी करता येतात. समुद्री मिठाचे कोरडे स्फटिक थोडा घोळ घालतात, त्यांच्यासाठी आर्द्रतेची अट लावली आहे.

१० एप्रिल

बैठकीत सुचवले गेले की कोऱ्या चौकटी मेरा-२ या पुनर्विश्लेषणातून भरून घ्याव्यात. मी विरोध नोंदवला. मेरा-२ मध्ये मोडिसचाच एओडी आत्मसात केलेला असतो. जिथे मोडिस कोरा, तिथे त्या प्रतिमानाला दुरुस्त करणारे कोणी नसते आणि ते स्वतःच्या वाऱ्यावर व धूळ-उचलीच्या समीकरणांवर चालते. कोपर्निकसच्या कॅम्स प्रणालीलाही हेच लागू होते. अशा आकड्याने भोक बुजवून नंतर तोच नकाशा मोडिसशी ‘उत्तम जुळतो’ असे म्हणणे म्हणजे स्वतःच्याच सहीला साक्षीदार करणे. भरायचेच असेल तर स्वतंत्र रकान्यात, वेगळ्या खुणेसह.

२४ एप्रिल

गुणोत्तरांचे वाटप हाती आले. ढगरहित म्हणून स्वतंत्रपणे निवडलेल्या कोऱ्या चौकटींत गुणोत्तर बहुतांशी ०.७५ च्या वरच राहते, मात्र खऱ्या ढगांच्या गुणोत्तरापेक्षा स्पष्टपणे खाली. आलेखात दोन टेकड्या दिसतात आणि त्यांच्या मध्ये दरी आहे. म्हणजे परतीची वाट उघडता येण्याजोगी आहे. प्रश्न उंबरठा कुठे ठेवायचा याचा आहे. तो आपल्या धुळीसाठी सैल केला तर विरळ ढगांच्या कडा आत शिरतात. त्यामुळे नुसता उंबरठा न हलवता, गुणोत्तर दरीच्या तांबड्या बाजूला आणि त्याच वेळी अवरक्त फरक उणे, अशी दुहेरी अट ठेवली. सखल धुळीत दुसरी अट कधीकधी पुरी होत नाही आणि त्या चौकटी सुटतात. ढग धूळ म्हणून मोजण्यापेक्षा ते मला पत्करते.

याच पद्धतीने आणखी हिवाळ्यांतल्या घटना चालवायच्या आहेत. एका घटनेवरून सर्वत्र लागू होणारा उंबरठा जाहीर करणे योग्य नाही.

१४ मे

टेरा १९९९ चा आणि अ‍ॅक्वा २००२ चा. इंधन राखण्यासाठी दोघांनाही ठराविक वेळेच्या कक्षेत धरून ठेवणे थांबले आहे आणि त्यांच्या फेऱ्यांच्या वेळा सरकत आहेत. पुढची दीर्घ मालिका व्हीर्सवरच बांधावी लागेल, म्हणून दुहेरी अट व्हीर्सच्या मार्गिकांसाठी पुन्हा बसवायला घेतली. लेसरच्या बाबतीत मे २०२४ मध्ये गेलेल्या अर्थकेअर उपग्रहावर भिस्त आहे. तो ३५५ नॅनोमीटरवर चालतो आणि रेणूंचा व कणांचा परतावा वेगळा करतो, त्यामुळे कॅलिप्सोप्रमाणे धुळीचे प्रकाशगुण आधी गृहीत धरावे लागत नाहीत. तरंगलांबी वेगळी असल्याने दोन मालिका सरळ जोडता येणार नाहीत.

२ जून

पहिल्या टप्प्याची ग्रिड फाइल आज विभागाच्या सर्व्हरवर ठेवली. प्रत्येक चौकटीला एओडीच्या आकड्याबरोबर खूण आहे : ० म्हणजे मूळ मोडिस गणित यशस्वी, १ म्हणजे मूळ गाळणीने टाकलेली, पण दुहेरी अटीने धूळ ठरलेली, २ म्हणजे धुळीवर सिरस, ३ म्हणजे ढग, ४ म्हणजे निर्णय होऊ शकला नाही. १ असलेल्या चौकटींत एओडीचा आकडा दिलेला नाही, कारण गोल कणांच्या गृहीतकावर चालणारे गणित इतक्या दाट आणि ओबडधोबड धुळीसाठी किती विश्वासार्ह आहे हे अजून ठरवलेले नाही. सरासरी काढणाऱ्याने १ च्या चौकटींची टक्केवारी सोबत छापावी, अशी सूचना फाइलच्या शीर्षात लिहिली आहे.

पीएम-१० च्या कच्च्या नोंदी अद्याप आलेल्या नाहीत, स्मरणपत्र पाठवले. पावसाळा संपेपर्यंत व्हीर्सचे काम पूर्ण करून, डिसेंबरपासून अर्थकेअरचे मार्ग आणि इन्सॅटची रात्रीची चित्रे रोज तपासण्याची पाळी दोघा संशोधक विद्यार्थ्यांमध्ये वाटून दिली आहे. गॅलरीच्या नमुन्याचे विवर्तन त्याच सुमारास होईल.